गुणी आहे हो, अजिबात त्रास देत नाही

बाळ बघायला जो कोणी यायचा तो जाताना हमखास हे वाक्य टाकून जायचा. आणि खरंच द्यायचा नाही त्रास. भूक लागली की थोडं कुरकुरायचा, पाजलं की गप्प, दुपटं ओलं झालं तरी निवांत पडून पंख्याकडे बघत राहायचा. बाजूच्या विंगमधली एक बाळंतीण रात्र रात्र बाळ खांद्यावर टाकून पॅसेजमध्ये फेऱ्या मारायची, ती मला म्हणाली होती, "तू नशीब काढलंस बाई." मला बरं वाटलं होतं तेव्हा. म्हणजे बरं वाटावं असं दुसरं काही शिल्लकच नव्हतं त्यामुळे हे एक सर्टिफिकेट मी जपून ठेवलं होतं, की बाकी काही असो, पोरगं तरी नीट चाललंय.

आता तो सव्वादोन वर्षांचा आहे. लिहू का नको करत वर्ष गेलं. लिहितेय कारण बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचा विषय निघाला की सगळे आईच्या रडण्याबद्दल बोलतात, बाळाच्या हसण्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि आमच्याकडची गडबड कळली ती तिथूनच.

डिलिव्हरी माहेरी झाली, सांगलीला. श्रावण, बाहेर धो धो पाऊस, टीव्हीवर सारखं आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं त्याच्या बातम्या, आणि ठोके कमी झाले म्हणून रात्री घाईघाईत सिझर. मग घरी आल्यावर शेक, धुरी, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, कानाला घट्ट स्कार्फ, सगळं रीतसर. पहिले दहा-बारा दिवस मी खूप रडले. खीर गोड झाली म्हणून रडले, खीर संपली म्हणून रडले. मम्मी म्हणाली होतं असं, अंग हलकं झाल्यावर मन भरून येतं, आणि ते खरंच होतं, पहिल्या दोन आठवड्यांतलं तसलं रडू बहुतेक बायकांना येतं आणि आपोआप जातंही. माझंही गेलं. बारसं झालं आणि रडू थांबलं, सगळे म्हणाले चला सुटली, मलाही वाटलं सुटले. पण रडू गेलं त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही हे कुणाच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं, माझ्याही नाही.

कारण मी कामात कुठेच कमी पडत नव्हते. पाजायच्या वेळा मोबाईलमध्ये लिहायचे, कुठल्या बाजूने किती मिनिटं ते पण. नखं कापलेली, लंगोट उन्हात वाळवलेले, व्हिटॅमिन डीचे थेंब रोज सकाळी. पाहुणे आले की ड्रेस बदलून बाहेर येऊन बसायचे. आतून मात्र असं वाटायचं की काचेच्या पलीकडे कोणाचं तरी बाळ आहे आणि मला ते सांभाळायला दिलंय, नीट ठेवायचं आणि परत द्यायचं. नवीन जॉब लागल्यावर दुसऱ्याची फाईल हातात आली की कसं, चूक होऊ नये एवढंच, तसं.

बाळ झोपेत हसलं की आजी म्हणायची सटवाई हसवतीय त्याला, बोलू नका. ते हसू अगदी पहिल्या आठवड्यापासून होतं. आणि जागेपणीचं, समोरच्या माणसाकडे बघून हसणं असतं ना, जे साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान येतं, ते पण आलं होतं. मम्मीच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ आहे, ती चुटक्या वाजवतीय आणि हा तोंडाचं बोळकं उघडून हसतोय. हे मी मुद्दाम सांगतेय. पोरगं आलं तेव्हा हसू घेऊन आलं होतं.

तीन महिन्यांनी पुण्याला आले. नवरा आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला, सासूबाई घरी पण त्यांचे गुडघे गेलेले, त्या स्वयंपाकाचं बघायच्या आणि बाळ पूर्ण माझ्याकडे. चौदाव्या आठवड्याच्या इंजेक्शनला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वजन बघितलं, डोकं मोजलं, मान धरतो का बघितलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "हसतो ना तुमच्याकडे बघून?" मी म्हटलं हो. त्या क्षणी खोटं बोलतेय असंही वाटलं नाही. बाळं हसतात, हे पण हसत असणार. शेवटचं कधी हसला असा विचार केला असता तर आठवलं नसतं, पण मी केलाच नाही.

मग मावशींचा किस्सा. मावशी म्हणजे तेल लावून अंघोळ घालायला यायच्या त्या, जवळच्या वस्तीतल्या, तोंडाने फटकळ, तंबाखूची मिश्री लावून काळे झालेले दात. पायावर बाळ घेऊन बसल्या की त्यांचं अखंड काहीतरी चाललेलं असायचं, त्याच्याशीच बोलणं, "काय रं पाटील, जेवला का, बायको कुठाय तुमची" वगैरे. मला त्याचा वैताग यायचा खरं सांगायचं तर, आवाजाचाच वैताग यायचा त्या काळात. एक दिवस मी बाथरूमच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते आणि आतून हसण्याचा आवाज आला. लहान मुलाचा, खळखळून, अगदी गुदमरल्यासारखं होऊन परत येणारं हसू. मला एक सेकंद कळलंच नाही की हे कोण. पाच महिन्यांचा होता. मावशी त्याच्या पोटावर तोंड टेकवून फुर्र करत होत्या आणि तो हसत होता. त्याचं पहिलं मोठ्याने हसणं मी दाराबाहेरून ऐकलं.

आणि मला आनंद झाला नाही. मला राग आला, मग राग पण गेला. आत गेले, टॉवेलमध्ये घेतला. माझ्याकडे बघितलं त्याने, आणि चेहरा एकदम साधा झाला. नाराज वगैरे नाही, म्हणजे बँकेत आपला नंबर येईपर्यंत माणूस कसा बसलेला असतो तसा. मावशींनी ते बघितलं. पाणी निथळत निथळत म्हणाल्या, "ताई, हे पोरगं तुमच्याकडं बघून गप होतंय." आणि मग जरा थांबून, "तुमचं काय दुखतंय का?"

मी त्यांना काहीच बोलले नाही. दुपारी नवऱ्याला म्हटलं, बाळाला ऐकू नीट येत नसेल. हे कुठून आलं डोक्यात माहिती नाही. मावशींशी हसतो म्हणजे ऐकू येतंय हे साधं लॉजिक होतं पण तेव्हा डोकं तसं चालत नव्हतं. नवऱ्याने पण मनात धरलेलंच होतं, त्याच्या मित्राचं बाळ याच्यापेक्षा पंधरा दिवसांनी लहान, ते बापाच्या शिंकेला हसतं असा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आलेला. रात्री दोघं मोबाईलवर शोधत बसलो आणि रात्री दोन वाजता लहान मुलांबद्दल मोबाईलवर शोधल्यावर जे होतं ते झालं, सकाळपर्यंत आम्ही ऑटिझमपर्यंत पोचलो होतो.

डॉक्टरांनी कानाची तपासणी करून घेतली, नॉर्मल. खेळणं फिरवून बघितलं, नजर फिरवतो. नवऱ्याकडे दिला, जरा वेळाने हसला. मग त्यांनी माझ्याकडे खुर्ची वळवली आणि विचारलं, "तुम्ही कशा आहात?" मी ठीक म्हटलं. "बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते?" या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. नव्हती लागत. तो चार चार तास झोपायचा आणि मी शेजारी पडून त्याचा श्वास मोजायचे. एवढंच सांगितलं मी, आणि ते सांगताना आवाज फाटला. त्यांनी काही लेक्चर दिलं नाही, चिठ्ठीवर एका सायकियाट्रिस्टचं नाव लिहिलं आणि म्हणाले की बाळाची ट्रीटमेंट तिथे आहे. मला ते वाक्य तेव्हा फार लागलं. म्हणजे दोष माझाच ना. नंतर कळलं त्यांना काय म्हणायचं होतं, पण त्या दिवशी रिक्षात बसून मी तेच वाक्य उलटसुलट करत होते.

तिथे आधी एका काउन्सेलर मॅडमनी एक कागद भरून घेतला. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं त्याबद्दल. एडिनबरा स्केल म्हणतात त्याला, स्कॉटलंडमध्ये १९८७ साली कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं, जगभर वापरतात. मला वाटलं होतं पहिला प्रश्न उदास वाटतं का असा असेल. तर पहिला प्रश्न हसण्याचा. मला हसता आलंय का आणि गोष्टींमधली गंमत दिसलीय का. पर्याय चार, पूर्वीसारखंच, पूर्वीइतकं नाही, नक्कीच कमी, अजिबात नाही. मी त्या प्रश्नावर जेवढा वेळ बसले तेवढा दहावी-बारावीच्या पेपरात कुठल्या प्रश्नावर बसले नसेन. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, तिथे मी अजिबात नाही सोडून वरच्या एका रकान्यात टिक केलं. मॅडमनी कागद घेतला आणि पहिल्यांदा त्यावरच आल्या, सरळ विचारलं, कुठे, कधी, आणि मग नवऱ्याला आत बोलावून त्याच्यासमोर सगळं ठरवलं, रात्री कोण जागं राहणार, मी एकटी कधी राहायचं नाही. तीसपैकी एकोणीस आले मला. तेरा आणि त्यावर असेल तर डॉक्टर बहुधा डिप्रेशन धरूनच पुढची तपासणी करतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ पण बघितलं, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतो आणि लक्षणं सेमच दिसतात. बी-१२ कमी निघालं, थायरॉइड ठीक.

घरात जे झालं ते थोडक्यात सांगते कारण ते सगळ्यांच्याच घरी होतं. सासूबाईंनी आधी दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या, चुलीत नाही तर गॅसवर टाकून ठसका लागेपर्यंत. मग सरळ विचारलं, "मुलगा झालाय, नवरा धड आहे, दुःख कसलं आहे?" वाईट हेतूने नाही विचारलं, त्यांना खरंच कळत नव्हतं. गंमत म्हणजे त्यांचा प्रश्न अगदीच निराधार पण नाही. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमने गोव्यात एक अभ्यास केला होता, २००२ साली छापून आला, त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना डिप्रेशन सापडलं होतं, आणि तिथे गरिबी, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलगी होणं या गोष्टी जोखमीच्या निघाल्या होत्या, मुलगी झाली की मारहाण आणि उपासमारीचा परिणाम अजून वाढायचा. म्हणजे सासूबाईंच्या हिशोबाने मी यादीत बसतच नव्हते. पण यादीत न बसणाऱ्या बायकांना पण होतं. त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट होती, ज्यांना डिप्रेशन होतं त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणीच त्रास सुरू झालेला होता. हे मॅडमनी मला सांगितलं तेव्हा मला सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण आठवलं. फुलांचे दागिने घालून मी त्या झोक्यावर बसले होते आणि हे लवकर संपू दे एवढंच मनात चाललं होतं.

खरा धक्का मम्मीने दिला. फोनवर सगळं सांगितलं तर ती बराच वेळ गप्प, आणि मग म्हणाली, "तू पण अशीच होतीस. गुणी. कोणाला कळायचं नाही घरात बाळ आहे म्हणून." तिला माझ्या वेळी सहा महिने काही सुधरत नव्हतं, आजीने बाळंतरोग म्हणून काढे पाजले आणि मला मोठ्या मामीकडे ठेवलं होतं. पस्तीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली.

गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कोणीतरी मेडिकलमधून जाऊन घेऊन येईल. अंगावर पाजत असताना चालेल अशी होती, दुधातून बाळाकडे अगदीच कमी जाते असं सायकियाट्रिस्ट डॉक्टरांनी समजावून सांगितलं, सासूबाईंना पण फोनवर सांगितलं. पहिला आठवडा मळमळ, तोंडाला कोरड, परिणाम शून्य. मी म्हटलं बंद करते. डॉक्टर म्हणाल्या दोन-तीन आठवडे तरी थांबा, अजून काहीच सुरू झालेलं नाही.

या सगळ्याच्या मधे व्हिडिओ झाला, आणि माझ्या मते गोळीइतकंच काम त्या व्हिडिओने केलं. मॅडमनी सांगितलं, रोजच्यासारखे बाळाचे कपडे बदला आणि नवऱ्याला तीन मिनिटं शूट करू दे, काही वेगळं करू नका. पुढच्या वेळी आम्ही तो त्यांच्या लॅपटॉपवर बघितला, आणि त्या मधेमधे थांबवत होत्या. मला वाटलं आता माझ्या चुका दाखवणार. त्या म्हणाल्या, स्वतःकडे नका बघू, त्याच्याकडे बघा.

तर तो काय करत होता. मी वाकले तसं त्याने माझ्याकडे बघितलं, भुवया वर गेल्या, तोंड थोडं उघडलं. मी डायपरची पट्टी सोडवत होते. त्याने आवाज केला, आं असा छोटा. मी दुसरी पट्टी. तो हसला. अख्खं हसू, ओठांच्या कडेपर्यंत गेलेलं, डोळे बारीक, हे मी घरी कधीच बघितलं नव्हतं कारण त्या वेळी मी पट्टीकडे बघत होते. ते हसू चेहऱ्यावर तसंच थांबलं, दोन सेकंद असेल, कोणीतरी दार उघडायची वाट बघतं तसं, आणि मग हळूहळू उतरलं. मग त्याने पाय झाडले. मग परत आवाज. तीन मिनिटांत चार वेळा त्याने प्रयत्न केला. पाचव्या वेळी मी वाकले तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, मान फिरवली आणि पंख्याकडे बघायला लागला.

पंखा. पंखा आवडतो त्याला असं आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो.

आणि व्हिडिओतली मी काही वाईट वागत नव्हते हो. ओरडत नव्हते, आदळआपट नाही, हात हळू होते. फक्त चेहरा असा होता की भिंतीवर कॅलेंडर असावं. त्यात महत्त्वाचं सगळं छापलेलं असतं पण ते आपल्याला बघून हसत नाही. मी मॅडमना म्हटलं मी राक्षसीण आहे. त्या म्हणाल्या, चार वेळा प्रयत्न केला त्याने, म्हणजे त्याला अजून वाटतंय की आई उत्तर देईल, ज्याने आशा सोडलीय ते बाळ एकदाही करत नाही. मी तिथे पहिल्यांदा मनसोक्त रडले, बारशानंतर पहिल्यांदाच.

त्यांनीच मग ट्रॉनिक यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. एडवर्ड ट्रॉनिक म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, १९७८ चं काम. आई बाळाशी आधी नॉर्मल खेळते, मग तिला सांगतात की दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेव, बाळाकडे बघ पण काही करू नकोस. बाळ आधी हसून बघतं, आवाज करतं, हात पुढे करतं, सगळी शस्त्रं वापरून बघतं आणि मग तोंड फिरवतं. अनोळखी आईच्या बाळाबद्दल ऐकताना मला माझीच बाथरूमबाहेरची सकाळ दिसत होती. त्यात पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटला, आई परत हसायला लागली तरी बाळाचं हसू लगेच पहिल्याइतकं येत नाही, काही वेळ ते जरा बिचकूनच असतं. दोन-तीन मिनिटांनंतर एवढं होतं तर पाच महिन्यांनंतर किती, हा हिशोब मी लगेच केला आणि मॅडमनी तो करू नका म्हणून सांगितलं. कारण ज्यांना काहीही झालेलं नाही अशा आई-बाळाचं पण सारखं जुळत नसतंच, बऱ्याच वेळा चुकामूकच असते, बाळ बघतं तेव्हा आई फोनवर, आई बघते तेव्हा बाळ जांभई देतं. चुकतं आणि परत जुळतं, त्या परत जुळण्यातून बाळ शिकतं. आमच्याकडे ते परत जुळणं बंद पडलं होतं.

मला एक गोष्ट कधीच माहिती नव्हती ती म्हणजे कमी रडणं आणि आनंदी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण एकच मीटर धरतो, एका टोकाला रडू दुसऱ्या टोकाला हसू, रडत नाही म्हणजे खूश आहे. पण दोन मीटर असतात. मूल रडण्यात कमी आणि हसण्यातही कमी असू शकतं, आणि असलं मूल कोणाच्या डोळ्यात येत नाही कारण त्याचा कोणाला त्रासच नाही. न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात डॅनियल क्लाइन यांच्या टीमने तीनेक वर्षांच्या मुलांना वेगवेगळे खेळ देऊन त्यांचं हसू, उत्साह, कुतूहल बारकाईने बघितलं होतं, तर ज्यांच्या आयांना डिप्रेशन होऊन गेलं होतं त्या मुलांमध्ये नेमकं हेच कमी दिसलं, आनंदाचं मीटर. यात काही भाग रक्तातून येतो आणि काही घरातल्या हवेतून, दोन्ही असतं. माझ्या मम्मीचं बोलणं आठवलं की मला दोन्ही पटतं.

चौथा आठवडा असेल. सकाळी भाजीची गाडी येते आमच्याकडे, रेकॉर्डिंग लावलेलं असतं, आणि त्या दिवशी ते अडकलं. "कांदे बटाटे, कांदे बटा, बटा, बटा, बटा" असं सुरूच, आणि तो भाजीवाला स्पीकरला थापडा मारतोय. मी बाळाला घेऊन खिडकीत उभी होते आणि मला हसू आलं. खोटं नाही, पोटातून आलं, नाकातून आवाज आला माझ्या. आणि पोरगं दचकलं. अक्षरशः दचकलं, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसलं, ओठांकडे, हात वर करून बोट लावून बघितलं त्याने. हे काय नवीन, असं. तो हसला बिसला नाही हां. फक्त तपासून घेतलं.

मॅडमनी दिलेला अभ्यास म्हणजे दिवसातून दोनदा दहा दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, त्याने काही केलं की तेच आपण करायचं आणि थांबायचं, मनात तीन आकडे मोजायचे, त्याला त्याचा टाइम द्यायचा. ऐकायला काहीच नाही, करायला भयंकर अवघड. तीन आकडे संपायच्या आधी मी खुळखुळा हलवायला जायचे कारण ती शांतता सहन व्हायची नाही. आणि सगळं नाटक वाटायचं. मी म्हटलं पण तसं, की मी खोटं हसतेय, त्याला कळेल. त्या म्हणाल्या नवीन भाषा शिकताना पण सुरुवातीला नाटकच वाटतं ना, करत राहा. बुवा-कुक करताना ओढणी तोंडावर घेतली की आत मला कधी कधी रडू यायचं, मग डोळे पुसून कुक म्हणायचं. असे पण दिवस गेले.

सातव्या महिन्यात एकदा ओढणी काढायला मला उशीर झाला, आणि त्यानेच ती ओढली. आणि हसला, आवाज करून. नवरा किचनमधून चहा उतू जाऊ देऊन पळत आला.

इथे नवऱ्याबद्दल आणि मावशींबद्दल लिहिलं पाहिजे. मायामीच्या टिफनी फील्ड यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांना आधी असं दिसलं की डिप्रेशन असलेल्या आयांची बाळं अनोळखी माणसाशी पण तशीच मंद वागतात, सवय त्यांच्या अंगी लागलेली असते. पण डिप्रेशन नसलेले वडील किंवा पाळणाघरातली ओळखीची बाई समोर असली की तीच बाळं जास्त खुलतात. हे ऐकल्यावर मावशींचा मला आलेला राग आठवून लाज वाटली. मी आजारी होते तेवढ्या काळात त्याचं हसू मावशींनी सांभाळून ठेवलं होतं म्हणायचं, रोज सकाळी पाऊण तास. आम्ही त्यांचे पैसे वाढवले, त्यांना का ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी काय केलं, पोटावर फुर्र केलं." सासूबाईंनी पण स्वतःहून संध्याकाळची एक वेळ घेतली, अंगणातले कबुतर दाखवायची. गोळ्यांबद्दल त्यांचं मत अजूनही बदललेलं नाही.

सहाव्या महिन्यानंतर माझी रजा संपत होती, सव्वीस आठवडे, ती दीड महिना बिनपगारी वाढवली, मॅनेजरला खरं कारण सांगितलं नाही, टाक्यांचं सांगितलं. टाक्यांना सुट्टी मिळते. गोळ्या एकूण सव्वा वर्ष चालल्या, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी केल्या, मधे एकदा मी शहाणपणा करून स्वतःच सोडल्या होत्या आणि दहा दिवसांत तोंडावर पडले, तेव्हा ते करू नका. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी एकदा केला होता, पहाटे साडेतीनला.

आता पोरगं कसं आहे हे सगळे विचारतात. बोलतो भरपूर, पळतो, जेवताना छळतो, त्रास द्यायला लागला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. पण पाळणाघरातल्या ताई म्हणतात की फुगे सोडले की बाकीची पोरं किंचाळत पळतात आणि हा आधी एका बाजूला उभा राहून बघतो, मग जातो. स्वभाव आहे, का ते पाच महिने आहेत, का मम्मीकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्याच्याकडे आलेलं काही आहे, मला सांगता येत नाही आणि कोणी सांगू पण शकणार नाही. मी उशिरा का होईना गेले याचं समाधान आहे आणि चौदाव्या आठवड्यात हो म्हणाले ते विसरता येत नाही, दोन्ही एकाच वेळी आहे.

एक सवय आहे त्याला. मी लॅपटॉपवर असले, कपाळाला आठ्या असल्या की येतो, दोन्ही हातांची बोटं माझ्या ओठांच्या कडांना लावतो आणि ताणतो. "आई हस." पाहुण्यांना फार गोड वाटतं, स्टेटसला टाक म्हणतात. मला ते गोड वाटत नाही. एवढ्याशा पोराने आईच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवायची ड्युटी का करावी. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, त्याला खरं सांगा, सोप्या शब्दात, आणि मग त्याला त्याच्या कामाला जाऊ द्या.

परवा आला तसाच. मी म्हटलं, "आई दमलीय रे, ऑफिसचं काम आहे. तुझ्यामुळे नाही दमली. तू खेळ जा." त्याने बोटं काढली, माझ्याकडे जरा बघितलं, आणि बाथरूमकडे गेला. थोड्या वेळाने आतून वाटी बादलीत पालथी बुडवल्याचा गुडुप आवाज, आणि हसणं. परत गुडुप, परत हसणं. मी दाराच्या फटीतून बघितलं, पाठमोरा बसला होता, चड्डी ओली, एकटाच हसत होता, मागे वळून कोण बघतंय का हे सुद्धा न बघता. सासूबाई ओरडल्या सगळं पाणी सांडतोय म्हणून. मी म्हटलं सांडू दे.